आखाजीचं दुखणं

जळगावच्या दवाखान्यात सुकदेव राघो पाटील नावाचे कारकून होते. सगळे त्यांना नाना म्हणत. तालुक्यातलं कुठलंही दुखणं नानांच्या हाताखालून गेल्याशिवाय सरकारदरबारी रुजू होत नसे. हे ऐकायला भारी वाटतं, पण काम गाढवाचं. डॉक्टर आठल्ये दिवसभर माणसं तपासायचे, प्रत्येकाच्या चिठ्ठीवर किरट्या अक्षरात काहीतरी ओढायचे, आणि संध्याकाळी नाना त्या चिठ्ठ्यांचा ढीग पुढ्यात घेऊन बसायचे. शेजारी छापील तक्ता. त्यात रोगांची नावं, आणि प्रत्येक नावापुढं क्रमांक. हिवताप, देवी, खरूज, जंत, डोळ्यांचे रोग, दातांचे रोग. माणूस कसाही कण्हत आलेला असो, त्याला ह्यातल्या एका क्रमांकात बसवायचा आणि महिनाअखेर बेरीज वर धाडायची. वर्षानुवर्षं हेच. मान आखडली, चष्मा लागला, डोक्यावरचे केस गेले. बेरीज मात्र कधी चुकली नाही.

तक्त्याच्या तळाशी 'इतर' म्हणून एक ओळ होती. ज्याचं काही समजत नाही ते तिथं लिहावं, असा तिचा सरळ अर्थ. पण सरळ अर्थानं चालणारा माणूस सरकारी नोकरीत टिकत नाही, हे नानांना धुळ्याला उमेदवारी करतानाच कळलं होतं. तिथं रतिलाल नावाचे एक मुरलेले कारकून होते. ते सुपारी कातरत म्हणायचे, "इतर फुगलं की वरून विचारणा येते. हे इतर कोण, त्यांना काय झालं, का झालं? बस मग उत्तरं लिहीत! त्यापेक्षा डोळ्याला पाणी असलं तर डोळ्यात घाल, पोट धरलं असलं तर जंतांत घाल. जंतांना कोणी जाब विचारत नाही रे बाबा."

नानांनी हे गुरुवाक्य इतकं मनोभावे पाळलं, की एका साली जळगावात जंतांनी कहर केलाय असं समजून वरून जंतांच्या औषधाच्या पेट्याच्या पेट्या आल्या. डॉक्टर आठल्ये पेट्यांकडे बघत राहिले, मग नानांकडे बघितलं, आणि हसू दाबत म्हणाले, "माळ्यावर टाका." डॉक्टर भला माणूस. पण तेही दमलेलेच असत, आणि नाना पुढं करतील त्या कागदावर सही ठोकून मोकळे होत.

ह्या ढिगात अधूनमधून एक विचित्र दुखणं येऊन जायचं. कापसाचे व्यापारी भंवरलालजी एकदा भर दुपारी आले ते पागोटं हातात घेऊन. मारवाडी शेठ उघड्या डोक्यानं रस्त्यातून आला, म्हणजे बघा काय कळ असेल! उजवा डोळा लालभडक, त्यातून पाण्याची धार, त्याच बाजूची नाकपुडी चोंदलेली. बाकावर बसवेना. व्हरांड्यात येरझारा घालत होते आणि मधूनच खांबावर डोकं आपटत होते. तासाभरानं सगळं थांबलं, शेटजींनी पागोटं बांधलं आणि काही झालंच नाही अशा चालीनं घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा हजर. महिनाभर असं चाललं, आणि मग वर्षभर नाव नाही. नानांनी त्यांना डोळ्यांच्या रोगांत घातलं. पुढं झिपरू गाडीवान तसाच आला. त्याची कळ दाढेपर्यंत जायची, म्हणून तो दातांत गेला. एक पोलीस शिपाई हिवतापात गेला, कारण ठरल्या वेळेला येतो तो हिवतापच, दुसरं काय असणार?

तिघांचं दुखणं एकच आहे असं नानांच्या मनात आलं नसेल का? आलं असेल की. पण दिवेलागणीला, अर्ध्या चिठ्ठ्या उरलेल्या असताना, मनात आलेलं सगळंच माणूस धरून बसत नाही.

नानांना एकच मुलगी, कमल. धरणगावच्या पलीकडं एका खेड्यात सुपडू पाटलांच्या झुलालला ती दिली होती. कापसाची काळी जमीन, दाराशी बैलजोड्या, माणसं कष्टाळू. सासू वच्छलाबाई तोंडाची तिखट, पण खाण्यापिण्याला हात आखडणारी नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कमल माहेरी आली. आता, खानदेशातल्या लेकीला आखाजी म्हणजे काय ते सांगायला नको. दिवाळी एकवेळ चुकली तरी चालेल. मेहरूणच्या निंबांना झोके बांधलेले, घरात गौराई बसलेली, गाणी म्हणून म्हणून पोरीचा घसा बसला. ताईबाईनं, म्हणजे कमलच्या आईनं, खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. लेक हसत आली, हसत गेली.

दुसऱ्या आखाजीला मात्र येऊन चारच दिवस झाले आणि एका दुपारी कमल जेवता जेवता ताटावरून उठली. उजव्या डोळ्यावर हात दाबून घरभर फिरू लागली. डोळा लाल, पाण्याची धार. "आई, डोळा उपटून काढ गं माझा!" म्हणत तिनं भिंतीवर कपाळ आपटलं. ताईबाईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, कुणी अर्धशिशी म्हटलं तर पहाटे दूध-जिलबी खाऊ घातली. कशाचा काही उपयोग नाही. रोज दुपारी तीच वेळ, तोच डोळा. ते दुखणं घेऊनच ती सासरी गेली, आणि पुढं काही दिवसांनी ते आपोआप थांबलं. तिसऱ्या आखाजीला पुन्हा तेच.

सासरच्यांना हिशेब करायला वेळ लागला नाही. अकरा महिने पोर शेतात बाईमाणसाच्या दीडपट काम करते, आणि माहेरी गेली की डोकं धरून परत येते. कुणी म्हणालं, कामाच्या नावानं नाटक आहे. कुणी म्हणालं, माहेरच्यांनी काहीतरी खाऊ घातलंय. वच्छलाबाई तर दारात आल्यागेल्याला सांगायची, "माहेरनंच शे ते बठ्ठं." मग सुपडू पाटलांचा निरोप आला: कापूस विकून झाला की माघात बैठक बसवू, काय तो सोक्षमोक्ष लावू. काडीमोड हा शब्द निरोपात नव्हता. पण ताईबाईला तो ऐकू आलाच.

त्याआधी, तिसऱ्या आखाजीला कमल घरी असतानाच, नानांनी तिला दुखण्याच्या ऐन वेळी डॉक्टरांपुढं उभी केली होती. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सुकदेवराव, ही अर्धशिशी नव्हे. अर्धशिशीचं माणूस अंधारात तोंड लपवून पडून राहतं. ही एक क्षण बसत नाही. आपल्याकडे असं आणखी कोणी आलं होतं का?"

नानांना भंवरलालजी आठवले, झिपरू आठवला, शिपाई आठवला. त्यांनी धावत जाऊन मागच्या सालांची बुकं काढली. पण बुकात होतं काय? भंवरलालजींच्या नावापुढं डोळ्यांचे रोग. झिपरूच्या नावापुढं दातांचे रोग. शिपायापुढं हिवताप. आणि चिठ्ठ्या तर दरसाल जाळून टाकायची पद्धत. नानांनी बुक डॉक्टरांपुढं उघडं ठेवलं.

"कागदावर चार-पाच जण असते," डॉक्टर म्हणाले, "तर मी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना लिहिलं असतं, की असं असं दुखणं ह्या भागात आहे. त्यांच्याकडून दोन ओळींचं उत्तर आलं असतं, ते तुमच्या व्याह्यांना दाखवता आलं असतं. एकट्या पोरीवर काय लिहू? बाईमाणसाचं असलं काही वर पाठवलं की वरून एकच नाव येतं, वातोन्माद. म्हणजे वेड. चालेल तुम्हाला?"

नानांनी नकारार्थी मान हलवली.

"सह्या माझ्याच आहेत म्हणा," डॉक्टर हळूच म्हणाले, आणि त्यांनी पुढचा रोगी आत बोलावला.

बैठकीच्या आधी नानांनी आणखी एक खटपट केली. ते भंवरलालजींच्या पेढीवर गेले. म्हटलं, मोठा माणूस, धरणगावच्या बाजूचा निम्मा कापूस ह्यांच्याकडे येतो. ह्यांनी सुपडू पाटलांना दोन शब्द सांगितले की मलाही असंच होतं, तर काम झालं. शेटजींनी पाणी दिलं, बडीशेप दिली, आणि सगळं ऐकून घेतलं. मग मुनीम ऐकत नाहीत ना ते बघून ते खालच्या आवाजात म्हणाले, "नाना, अभयकुमारची सगाई ठरतेय. अशा वेळी बाप भिंतीवर डोकं आपटतो असं बाहेर गेलं तर कसं? आणि मला तर डोळ्याचं दुखणं होतं. तुमच्या बुकात काय लिहिलंय?"

"डोळ्यांचे रोग."

"मग झालं तर. सरकारी बुक खोटं बोलतं का कधी?"

आपलेच दात अन् आपलेच ओठ. नानांनी बडीशेप तोंडात टाकली आणि उन्हातून घरी आले.

माघात ते एकटेच बैठकीला गेले. सुपडू पाटलांच्या ओसरीवर गावातली चार वडीलधारी माणसं बसली होती. नानांनी डॉक्टरांचा कागद काढला. त्यात एवढंच होतं, की मुलीला मस्तकशूळ आहे, ती ढोंग करत नाही. एका म्हाताऱ्यानं कागद ऐकून विचारलं, "डोकं कोनं नई दुखस?" ओसरी हसली. दाराआडून वच्छलाबाईचा आवाज आला, "अकरा महिना धड ऱ्हास, अन् आखाजी उनी का डोकं धरस!" सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलणं फिरून फिरून तिथंच येत होतं. नाना समजावत होते, कोणी ऐकत होतं, कोणी तंबाखू मळत होतं. आदल्या दिवशी महिन्याची बेरीज वर पाठवायची म्हणून त्यांना झोप मिळाली नव्हती. त्यांच्यातलं सगळं बळ सरलं होतं. आता हे कसंही मिटावं, एवढंच त्यांना वाटत होतं.

आणि त्या थकव्यात ते बोलून गेले, "माहेरचंच आहे म्हणता ना? मग यंदा आखाजीला तिला पाठवूच नका. इथंच ठेवा. इथं दुखलं तर मानाल?"

सुपडू पाटील रोखठोक माणूस. ते म्हणाले, "बोलनात तुम्ही! आठे दुखनं तर सून आमनी, अन् आमना बोल चुकना. नई दुखनं तर आखाजी व्हताच काडीमोड. मंजूर शे का?"

"मंजूर," नाना म्हणाले.

निघताना कमल पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "म्हणजे यंदा मला न्यायला मुऱ्हाळी येणार नाही, नाना?"

"यंदा नाही, बाळा. ह्यात तुझंच भलं आहे."

कमलनं मान हलवली. तिनं ना हट्ट केला ना डोळ्यांत पाणी आणलं.

घरी ताईबाईनं मात्र आकाशपाताळ एक केलं. "पोरीचा कस लावून आलात? सोनं आहे का ती? तिथं तिची ती कळ निघाली तर डोक्यावर हात ठेवायला कोण आहे तिला? शंभर दुखणी लिहिता, एक तरी कळलंय का तुम्हाला?" बायको खरंच बोलत होती. शिवाय एक गोष्ट ते तिला सांगूही शकत नव्हते. चैत्र लागल्यापासून देवापुढं हात जोडले की त्यांच्या मनात एकच मागणं यायचं: देवा, माझ्या पोरीचं डोकं दुखू दे. बापानं मागावं असं मागणं आहे का हे? स्वतःची शिसारी यायची त्यांना. पण दुखलं नाही तर पोर कायमची उठून येणार, हेही खरंच होतं. ते डोळे मिटायचे आणि पुन्हा तेच मागायचे.

आखाजी आली. गल्लीतल्या लेकी आल्या, झोके बांधले गेले, गाणी सुरू झाली. ताईबाईनं खापर चुलीवर चढवलंच नाही. धरणगावकडून काही निरोप नाही, आणि विचारायला जावं तर शब्द मोडल्यासारखं होणार. नाना दवाखान्यात बसून चिठ्ठ्या लिहीत राहिले. मधूनच त्यांचा हात थांबायचा. घड्याळात कमलच्या दुखण्याची वेळ झालेली असायची.

आखाजी उलटून गेली. एक दिवस दवाखान्यात रोग्यांची दाटी असताना व्हरांड्यात वच्छलाबाई येऊन उभी राहिली. गाडीच्या धुरानं तोंड काळवंडलेलं, पदर घट्ट खोचलेला. तिच्या हाताला धरून कमल. कमलच्या उजव्या कानशिलावर रुपयाएवढा काळा डाग होता, आणि तो चिघळला होता.

नाना खुर्ची लोटून उठले. "हे कुणी केलं?" त्यांचा आवाज इतका चढला की आतून डॉक्टर बाहेर आले.

"मी. विळा तपाडीसन मीच डाग दिधा," वच्छलाबाई म्हणाली. "बोला मले काय बोलनं ते."

डॉक्टर कमलला मलमपट्टीला आत घेऊन गेले. वच्छलाबाई बाकावर बसली, पण तिनं मान खाली घातली नाही. दुखणं आखाजीच्या आधीच सुरू झालं, ती म्हणाली. झुलालनं पाहिलं, घरधन्यानं पाहिलं, बैठकीतल्या म्हाताऱ्यालाही बोलावून दाखवलं. सगळ्यांनी कान पकडले. काडीमोडीचं आता कोणी नाव काढणार नाही. डागानं थांबेल असं वाटलं होतं, थांबलं नाही.

"मग निरोप का नाही धाडला?" नाना ओरडले. "पोर तिथं तडफडतेय आणि तुम्ही..."

"याही, हळू बोला. तिले ऐकू जाई." वच्छलाबाईनं आतल्या दाराकडं बघितलं, आणि मग ती जे बोलली ते जवळजवळ कुजबुजून. तिच्या घरधन्याला एक धाकटी बहीण होती. तिलाही हेच होतं. हाच डोळा, हीच वेळ, हाच महिना. सासरच्यांनी वेडी म्हणून माहेरी आणून सोडली. घरात सगळे म्हणाले, नाटकं करते. वच्छलाबाईही म्हणाली. एका दुपारी ती अंगणातल्या विहिरीत गेली. पाय घसरला म्हणून पोलीस पाटलाला लिहायला लावलं, आणि त्यानंतर घरात तिचं नाव कोणी घेतलं नाही.

"तुमची पोर पैल्लांदा डोकं धरीसन उनी ना, तवयच मी वळखं," ती म्हणाली. "खोटी नई शे, हाई मले पैलेपासून माहीत व्हतं. पन मना घरमा परत ते नको व्हतं. म्हनीसन म्हनत व्हतू, माहेरनं शे. इले तुमनाकडे धाडी देतीन, तर जगी तरी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "काल ती इहिरना काठवर उभी व्हती. मी वढी आनी. तुमना घरले इहीर नई शे. दुखनं सरनं का मी स्वता लेवाले येसू."

नानांना दोन्हीकडचा हिशेब दिसला. हिनं खरं माहीत असून लपवलं, आणि आपण माहीत असून तीन रकान्यांत वाटून टाकलं. दोघांच्या मधे पोर भाजून निघाली. वच्छलाबाई दुपारच्या गाडीनं परत गेली.

नाना कमलला घेऊन घरी आले. ताईबाईनं लेकीला पोटाशी धरलं आणि कानशिलावरची पट्टी बघून हंबरडा फोडला. थोड्या वेळानं ती वेळ झाली. कमल उठली, डोळ्यावर हात दाबून फिरू लागली. नानाही तिच्याबरोबर फिरू लागले, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ती कपाळ आपटायला गेली की ते भिंतीवर आपला तळवा धरायचे. डोकं तळव्यावर बसायचं. त्यांची बोटं सुजून आली, तरी त्यांनी हात काढला नाही. ओसरता ओसरता कळ ओसरली. कमल भिंतीला टेकून बसली, घामानं भिजलेली, एक डोळा मिटलेला.

"नाना," ती म्हणाली, "पटलं ना त्यांना आता?"

तुझ्या सासूला ते पहिल्या दिवसापासून पटलेलं होतं, तू हे सगळं फुकट सोसलंस, हे नानांच्या तोंडून काही फुटेना.

"पटलं," ते म्हणाले.

"मग बरं झालं," कमल म्हणाली. "तुम्ही म्हणालात म्हणून राहिले मी तिथं." आणि ती पदरानं डोळा पुसत उठली, आईला पीठ मळू लागायला आत गेली.